एका शेवाळाचे दोन जावई

निसर्गात मानाचा आणि बिनमानाचा असा भेद नसतो. तो साडूंमध्ये असतो.

माझ्या दोन्ही बहिणींचे नवरे एकाच कॉलेजात समुद्री शेवाळ शिकवतात. थोरल्या दाजींनी चौदा वर्षांपूर्वी धक्क्याजवळच्या खडकावर, डांबर सांडल्यासारखा दिसणारा एक तपकिरी थर हेरला, छिन्नीने खरवडला आणि नवी जात म्हणून छापून आणला. लॅटिनमध्ये त्याचं नाव ठेवलं 'निपुत्रिक', कारण त्याला पोरंबाळं झालेली त्यांना कधी दिसली नाहीत. पाच वर्षांनी धाकट्या दाजींना त्याच खडकावर, वीतभर अंतरावर, फितीसारखं लांब, तपकिरी शेवाळ सापडलं. धाकटे दाजी हुशार. त्यांनी आमच्या आडनावावरून त्याचं बारसं केलं आणि रविवारच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं, "हे आईंच्या नावाने."

तेव्हापासून आमच्याकडे पहिलं ताट धाकट्या दाजींचं. थोरल्यांना आई विचारायची, "तुमचा तो डाग कसा आहे?"

मी त्याच कॉलेजात जनुकं वाचायचं मशीन सांभाळतो. घरात मला अजून बाळ म्हणतात. बाळ सत्तेचाळीस वर्षांचा आहे. यंदा दोन्ही दाजींनी आपापल्या शेवाळाचे तुकडे आणून दिले. आपलं शेवाळ किती जुन्या घराण्यातलं आणि दुसऱ्याचं कसं आगंतुक, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. घराणं एकच निघालं. घराणं कसलं, जातच एक. अक्षर न् अक्षर जुळत होतं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी तीनदा वाचलं.

या शेवाळाची रीतच तशी. थराच्या बीजाणूंपासून फिती उगवतात, नर वेगळी, मादी वेगळी. त्यांचा संसार झाला की पोटी येतो पुन्हा थर. आजी आणि नात हुबेहूब, मधली आई भलतीच. म्हणजे एका दाजींना आई सापडली होती, दुसऱ्यांना तिचीच लेकरं, आणि नऊ वर्षं दोघेही एकमेकांच्या शेवाळाला नावं ठेवत होते.

शास्त्राचा नियम साधा आहे: एका जातीला एकच नाव, आणि जे आधी छापलं ते. थोरले दाजी जिंकले. थोरल्या ताईला कळेपर्यंत ते खुशीत होते.

"म्हणजे आईचं नाव पुसणार? तुम्ही?"

"मी नाही गं, नियम पुसतोय."

"मग रविवारी नियमाकडेच जेवा."

दुसऱ्या दिवशी थोरले दाजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मशीनवरून हात फिरवत म्हणाले, "बाळ, हे जरा जुनं झालंय ना रे?"

"मागच्या वर्षीच आलंय, दाजी."

"नवीन मशीनचा तसा काही भरवसा नसतो." मग आवाज खाली आणून, "मी माझं नाव मागे घेतो."

"घेता येत नाही. छापलं ते छापलं."

"अरे पण चुकीचं आहे ते. निपुत्रिक म्हटलं मी, आणि खडकभर पोरं."

"अर्थ चुकला तरी नाव राहतं."

एवढ्यात धाकटे दाजी आत आले. हरलेल्या माणसाचा चेहरा असा तुकतुकीत मी पाहिलेला नाही. "साडूभाऊ, विजय तुमचा. आईंना तुम्हीच सांगा. तो मान मी कसा घेऊ?"

"तुम्ही येणार ना रविवारी?"

"मला रविवारी ताप येणार आहे."

पण धाकट्या ताईने तो येऊ दिला नाही. रविवारी सगळे हजर होते. ताटं वाढायच्या आधीच थोरल्या दाजींनी घसा साफ केला आणि बीजाणूंपासून सुरुवात केली. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "थोडक्यात, माझं नाव गेलं."

"कागदोपत्री, आई."

"तो कागद आणा बघू."

नऊ वर्षं आईने फक्त फ्रेममधलं शेवाळाचं चित्र पाहिलं होतं. ते नाव ज्यात छापलं तो शास्त्रीय नियतकालिकाचा मूळ अंक कुणी तिच्या हातात दिलाच नव्हता; तो धाकट्या दाजींनी आता दिला. आईची तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली आहेत. तिने चष्मा लावला, अंक शेवटापासून उलटा वाचत आणला आणि एका जागी बोट ठेवलं.

"या पानावर एका बाईच्या नावाने कवक आहे. शेवटी 'ए' आणि 'ई' लावलेत. तिच्या शेजारी एका प्राध्यापकांचं आहे, त्याला नुसता 'आय'. आपल्या आडनावाला काय लावलंय?"

धाकट्या दाजींनी पाहिलं. "आय," ते म्हणाले.

"म्हणजे पुरुष."

"पण खाली तुम्हाला अर्पण केल्याची ओळ होती, आई. जागा नव्हती म्हणून संपादकांनी कापली."

"मग माझं नाव इथे नव्हतंच. जे नव्हतं ते पुसणार कसं? जेवायला बसा." आईने अंक मिटला आणि पहिलं ताट थोरल्या दाजींपुढे सरकवलं.

त्या आडनावाचे घरात पुरुष म्हणजे मी आणि बाबा, आणि माझ्या नावाने कुणी काही करेल हे कुणालाच पटलं नाही. बाबा खिडकीशी शब्दकोडं सोडवत होते. नऊ वर्षं एक शेवाळ तुमच्या नावाचं होतं आणि या आठवड्यापासून नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले.

बाबांनी समुद्र एकदाच पाहिला आहे, बसमधून.