गुंगी उतरेपर्यंत

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना? चहासुद्धा नाही?" नर्सने विचारलं.

"काही नाही," शिंपीणबाई म्हणाल्या.

दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी त्या विषय बदलायच्या. लहानपणी हातपाय धरून त्यांची दाढ उपटली होती. तेव्हापासून दुखणं गालात दाबून त्यांनी इतर दाढाही किडू दिल्या. आता तोंड उघडेना, घास गिळवेना. डॉक्टर म्हणाले होते, "गुंगीचं इंजेक्शन देऊ. हाक मारली तर ओ द्याल, पण नंतर फारसं आठवणार नाही. मात्र घरी न्यायला माणूस हवं." म्हणून नणंद रजा टाकून सोबत आली होती.

"रोजची औषधं?"

"छे, आमच्या वहिनी ठणठणीत आहेत," नणंदच बोलली.

शिंपीणबाईंनी हातानंच तिला थांबवलं. मग नर्सकडे बघत म्हणाल्या, "लिहा. झोपेची गोळी घेते. रोज. कालही घेतली."

"कधीपासून?" नणंदेने विचारलं.

"तुमचे दादा गेल्यापासून."

"एका शब्दानं बोलला नाहीत, वहिनी."

"कुठल्या तोंडानं बोलू, वन्सं? तुमचाही भाऊच गेला होता."

नणंदेने खुर्ची जवळ ओढली.

नर्सने डॉक्टरांना बोलावलं; त्यांनी ऐकून मान हलवली. "सांगितलंत ते बरं केलंत. गोळी आणि गुंगी एकत्र झाली, तर श्वास मंदावू शकतो. आता बेतानंच देऊ, श्वासावर सतत नजर ठेवू. मनात धाकधूक असेल तर दुसरा दिवस ठरवू."

"नको. आज उठून गेले तर परत यायची नाही मी." शिंपीणबाईंनी बाही स्वतःच वर सारली.

पुढचं त्यांना आठवलं ते तुकड्यातुकड्यांनी. कुणीतरी "श्वास घ्या" म्हणत होतं. मग तोंडात कापूस, टॅक्सीची खिडकी आणि नणंदेचा खांदा.

घरी आल्या आल्या त्यांनी शिलाई मशीनकडे मोर्चा वळवला. नणंद आडवी आली. "आज मशीन नाही, कात्री नाही, गॅससुद्धा नाही. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मी उद्यापर्यंत इथून हलत नाही."

दुपार कलताना शिंपीणबाईंना जाग आली. पहाऱ्याला बसलेली नणंद पलंगाच्या दुसऱ्या बाजूला कलंडली होती, खांद्याला पर्स तशीच. त्या बाजूला इतकी वर्षं कुणी झोपलं नव्हतं.

शिंपीणबाईंनी अंगावरची चादर ओढून अर्धी तिच्यावर घातली.