केसभर चढा

त्याने गिटारची पेटी बाईंच्या टेबलावर आदळली आणि दोन्ही कड्या एकदमच उघडल्या. टेबलावरचा भुसा उडून बाईंच्या चहात पडला. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि कप बाजूला सरकवला.

“तिसरी तार,” तो म्हणाला.

“पुन्हा?”

“पुन्हा नाही, अजून. ती कधी नीट झालीच नव्हती.”

ही चौथी खेप होती. चौदा महिने वाट पाहिल्यावर गिटार हातात आली, त्याला पुरता दीड महिनाही झाला नव्हता आणि त्यातले निम्मे दिवस ती याच टेबलावर पडून होती. बाई साठीच्या. घरात पिढ्यानपिढ्या कपाटं आणि खुर्च्या करण्याचं काम चालत आलेलं, बाईंनी मात्र इलेक्ट्रिक गिटार करायला घेतल्या. एका वेळी एकच, तीही ऑर्डरप्रमाणे, माणसाच्या हाताच्या मापाची. फोन केला तर उचलत नसत. उचलला तर “झाली की कळवीन” एवढंच बोलून ठेवून देत. तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा. बावीस वर्षं इमारतींमधल्या लोकांना तो “उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच” असं सांगत आला होता, त्यामुळे थाप कशी मारावी हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बाई साधी थापसुद्धा मारत नसत, आणि याचाच त्याला जास्त राग येई.

गिटार दिसायला मात्र देखणी होती. गडद तपकिरी, नितळ. डाव्या हातात धरायची दांडी घडवण्याआधी बाईंनी त्याला ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला लावला होता आणि त्या ठशावरून माप घेतलं होतं. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा जुन्या ओळखीच्या माणसाशी हात मिळवावा तसं वाटलं होतं. वाजवायला घेतली आणि घोटाळा सुरू झाला.

बाईंनी गिटारच्या टोकाला सूर दाखवणारा ट्यूनर अडकवला आणि तिसऱ्या तारेवर एकेक स्वर वाजवत वरपर्यंत गेल्या. प्रत्येक स्वराला काटा मधोमध उभा राहिला.

“सुरात आहे.”

“यंत्राला वाटत असेल.”

“मलाही वाटतंय.”

“मग मला का बेसूर लागते? मी बहिरा आहे का?”

कपातला भुसा त्यांनी चमच्याने काढला आणि तो चहा त्या प्यायल्या.

परवाच्या तालमीत तर सगळ्यांसमोर शोभा झाली होती. चौघांचा बँड. धाकटी बहीण गायची, तिचा नवरा ड्रम्स वाजवायचा, एक दातांचा डॉक्टर बेसवर आणि हा गिटारवर. पंचवीस वर्षं लोकांच्या समारंभांत दुसऱ्यांची गाणी वाजवून झाल्यावर आता कुठे स्वतःची चार गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. रविवार पक्का झाला होता. तारीख दोनदा पुढे ढकलली गेली ती याच्या गिटारपायी, कारण पंचवीस वर्षं याचं एकच पालुपद होतं, “हातात धड वाद्य असतं ना, तर दाखवलं असतं.” एखादा तुकडा चुकला की हे वाक्य, दुसऱ्याच बँडला बोलावणं गेलं की हे वाक्य. एकदा तर सासऱ्यांनाही त्याने ते ऐकवलं होतं. आता धड वाद्य आलं होतं आणि दाखवायची वेळही आली होती. आणि परवा दुसऱ्याच गाण्यात बहिणीने माइकवर हात ठेवून गाणं थांबवलं.

“दादा, काहीतरी खटकतंय.”

“जुनीच आण ना रविवारी,” दातांचा डॉक्टर म्हणाला. “आपल्याला सवय आहे तिची.”

“तू दातांचं बघ,” तो म्हणाला होता. तालीम कशीबशी पार पडली.

तेव्हापासून एक विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता आणि तो कुणापाशी बोलायची सोयही नव्हती. गिटारमध्ये दोष सापडायलाच हवा होता. नाही सापडला, तर दोष असायला दुसरी जागा एकच उरत होती. म्हणून तो आज भांडायच्या तयारीनेच आला होता.

“वाजवून दाखवा,” बाई म्हणाल्या.

“कोण, मी?”

“इथे दुसरं कोण आहे?”

एवढ्या दिवसांत त्याने बाईंसमोर एकदाही धड वाजवलं नव्हतं. गिटार न्यायला आला त्या दिवशीही एकदा तारांवरून हात फिरवून “घरी जाऊन बघतो” म्हणत पेटी बंद केली होती. जिने इतक्यांचे हात पाहिलेत, तिच्यासमोर आपला हात उघडा पाडायला त्याचं मन धजत नव्हतं. पण आता माघार घ्यायची तर भांडणच अर्धवट सोडावं लागलं असतं. तो स्टुलावर बसला आणि दुसऱ्या गाण्याची सुरुवात वाजवू लागला. चार स्वरांतच ते नासलं.

“बघा,” तो म्हणाला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद त्याला झाला नाही.

“आता एकेक स्वर. सावकाश.”

ट्यूनरचा काटा प्रत्येक स्वराला मधली खूण ओलांडून उजवीकडे झुकत होता. बाईंनी गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या त्याच्या डाव्या हातावर वाकल्या. त्यांनी आणखी वाजवायला सांगितलं, पुन्हा आणखी.

“तुम्ही तार ढकलताय.”

“मी काही ढकलत नाही.”

“दाबताना वर ढकलता. केसभर. म्हणून स्वर चढा लागतो. सगळ्याच तारांवर, तिसरीवर जरा जास्त.”

त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. न ढकलता दाबायचं असं मनाशी घोकून बोट ठेवलं, तरी ते आपसूक वर सरकलंच. त्याने पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच झालं.

“चौदा महिने लावलेत,” तो म्हणाला, “आणि आता म्हणताय की मला वाजवता येत नाही.”

“तसं मी म्हटलेलं नाही. तुमची जुनी गिटार कुठाय?”

“ती कशाला? भंगार आहे ती.”

“पहिल्या दिवशी मागितली होती, तेव्हाही हेच म्हणालात.”

हे खरं होतं. विसाव्या वर्षी कुणाकडून तरी वापरलेली घेतलेली, प्लायवूडची, रंगाचे पोपडे निघालेली ती वस्तू या कारखान्यात आणायची त्याला लाज वाटली होती.

“घेऊन या,” बाई म्हणाल्या. “मी एक वाजेपर्यंत आहे.”

घरी जाताना रस्ताभर त्याला एकाहून एक चोख उत्तरं सुचत होती आणि ऐकायला समोर कुणी नव्हतं. जुनी गिटार कपाटावर बॅगांच्या मागे टाकलेली होती. स्टुलावर चढून तो ती ओढू लागला, तशी बायको दारात येऊन उभी राहिली.

“तिला कशाला खाली काढताय?”

“त्या बाईंना बघायचीय.”

“त्यांना काय कळणार तिच्यातलं,” बायको म्हणाली आणि वरून सरकणारी बॅग तिने धरली.

बाईंनी जुनी गिटार हातात घेताना तोंड वाकडं केलं नाही. एक डोळा मिटून त्यांनी तिची दांडी पाहिली, तिच्यावरच्या धातूच्या, झिजून सपाट झालेल्या फ्रेटवरून बोट फिरवलं आणि तारा जिथे टेकतात ती मागची पट्टी हलवून बघितली. मग तारा मोकळ्या छेडून सुरात लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली. ऐकवत नव्हतं. मोकळ्या तारा सुरात होत्या, पण बोट ठेवलं की स्वर खाली घसरत होता. काटा या वेळी डावीकडे पडत होता. बाईंनी कमी दाबून पाहिलं, जास्त दाबून पाहिलं, आणि मग गिटार त्याच्याकडे दिली.

“आता तुम्ही.”

त्याने तेच गाणं सुरू केलं. काटा थरथरला आणि मधोमध येऊन उभा राहिला. पुढच्या स्वराला तसाच, त्याच्या पुढच्यालाही तसाच. त्याला वाटलं यंत्र अडकलंय. तो वरच्या स्वरांत गेला, खाली आला, घाईने वाजवलं, मुद्दाम वेडंवाकडं वाजवलं. काटा काही हलला नाही. बाईंनी त्याला अख्खं गाणं वाजवू दिलं.

मग त्यांनी गिटार मागून घेतली आणि त्याच्यासारखी तार ढकलून पाहिली. एक स्वर नीट लागला, पुढचा गेला. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ती खाली ठेवली.

“मला नाही जमत,” बाई म्हणाल्या. “कुणालाही जमणार नाही. मागची पट्टी कधीच सरकलीय. हिच्यात सूर नाहीच आहे. तुम्ही प्रत्येक स्वर उचलून जागेवर नेता, तेव्हा तो लागतो. कान पक्का असल्याशिवाय हे होत नाही.”

खरं तर हे ऐकून त्याने खूश व्हायला हवं होतं. त्याला मात्र संताप आला. दाखवलं असतं, दाखवलं असतं म्हणत जन्म गेला, आणि इतकी वर्षं तो दाखवतच होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. आणि आता धड वाद्य हातात आलं, तर त्यावर एक सरळ स्वर निघत नव्हता.

“मग आता काय करायचं?”

“नवीची पट्टी मी मागे सरकवते. अर्ध्या तासाचं काम आहे. तिचे स्वरही जुनीइतके उतरतील आणि तुमच्या बोटांना बरोबर बसतील. रविवारी वाजवा.”

“म्हणजे तुम्ही ती बिघडवणार.”

“तुमची आहे. सांगाल तसं करीन.” बाईंचा आवाज सरळ होता, पण त्यांचा हात नव्या गिटारच्या कडेवर होता आणि त्यांनी तो उचलला नाही.

“नाहीतर?”

“नाहीतर बोटांना ढकलायचं सोडायला शिकवा.”

“किती दिवस लागतील?”

“सवय पंचवीस वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “मी दिवस कसे सांगू?”

तो उठला. हे तुम्हाला आधीच कळायला नको होतं का, असं तो विचारणार होता, तेवढ्यात जुनी आणायला आपणच नाही म्हटलं होतं हे त्याला आठवलं. नवी गिटार त्याने पेटीत ठेवली, जुनी तिच्या फाटक्या पिशवीत घातली आणि दोन्ही खांद्यांवर एकेक अडकवून निघाला. दरवाजा अरुंद होता, त्यामुळे त्याला आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. पट्टीबद्दल तो काहीच बोलला नाही आणि बाईंनीही विचारलं नाही.

बाहेर फुटपाथवर उभं राहून त्याने बहिणीला फोन केला.

“रविवारी जुनी आणतोय.”

चौदा महिने सगळ्यांना नव्या गिटारच्या गोष्टी सांगून त्याने कंटाळा आणला होता. आता चेष्टा होणार हे त्याने गृहीत धरलं होतं.

“बरं,” बहीण म्हणाली. मग थोडं थांबून, “नवीला झालंय तरी काय?”

“नवी उत्तम आहे. मीच अजून तयार नाही.”

दादाच्या तोंडून असलं वाक्य बहिणीने कधी ऐकलं नव्हतं.

“बरं,” ती पुन्हा म्हणाली.

रविवारी चारही गाणी दुपारपर्यंत आटोपली. मधल्या चहाच्या वेळी दातांच्या डॉक्टरने सहज म्हणून जुनी गिटार मांडीवर घेतली, दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिली आणि चमकून खाली ठेवली. “अरे, हिला काय झालं?” त्याने विचारलं. काही नाही, म्हणत याने गिटार उचलली आणि पुढचं गाणं वाजवलं. वाजवत असेपर्यंत डॉक्टर त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

मंगळवारी तो दुपारीच घरी आला. एका इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि सकाळपासून लोकांची बोलणी खाऊन त्याचं डोकं उठलं होतं. तरी त्याने नवी गिटार काढली. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, ट्यूनर लावला आणि तिसऱ्या तारेवर पहिलं बोट ठेवलं. काटा उजवीकडे गेला. बोट उचललं, पुन्हा ठेवलं. उजवीकडे. पाऊण तासात चार स्वर झाले, त्यातला एक कधीमधी लागत होता. त्याने दोनदा गिटार बाजूला ठेवली, एकदा शिवी दिली आणि दोन्ही वेळा ती परत मांडीवर घेतली.

बायको कामावरून आली आणि किल्ली हातात धरून ऐकत दाराबाहेरच थांबली. आत आल्यावर तिने चारी बाजूंना पाहिलं.

“तुम्ही एकटेच आहात? जिन्यात मला वाटलं, तुमच्याकडे कुणीतरी शिकायला आलंय.”

त्याने मान वळवली नाही. बोट तारेवरच होतं, फक्त त्यातला जोर थोडा कमी झाला.

“आलंय,” तो म्हणाला.