प्रत्येकी शंभर टक्के

जो कुणी पगारावर काम करतो, त्याला तो आठवडा ठाऊक असतो. एरवी मोकळेपणाने हसणारी माणसं त्या दिवसांत खालच्या आवाजात बोलतात, दारं लोटून घेतात आणि शेजाऱ्याच्या टेबलाकडे चोरून बघतात. वर्षभराच्या कामाला गुण देण्याचा तो आठवडा. एका संशोधन संस्थेत त्याची धास्ती परीक्षेपेक्षा जास्त होती, कारण परीक्षेत निदान उत्तर वाचून गुण देतात. इथे वाचत कुणीच नव्हतं. निबंध किती, कुठल्या नियतकालिकात, इतरांनी आपल्या लेखनात त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, एवढं संगणकात भरलं की आकडा बाहेर पडे. त्या आकड्यावर कुणाला बढती मिळे, कुणाची प्रयोगशाळा जाई.

यंदा जाणार होती ती भिंगरीची.

हे नाव तिला संस्थेनेच दिलं होतं. बाई शिकली पदार्थविज्ञान, विषय कंपनांचा, पण एका विभागात टिकून बसेल तर शपथ! आज पूल बांधणाऱ्यांकडे, उद्या कानाच्या डॉक्टरांकडे, परवा कुठल्या तरी यंत्रांच्या कारखान्यात. "धड ना इकडची, धड ना तिकडची," असं तिचे विभागप्रमुख हसत हसत म्हणत. नियमही नेमका तसाच होता. निबंध आपल्याच विषयाच्या नियतकालिकात आला तर धरायचा, नाहीतर सोडून द्यायचा. पदार्थविज्ञानवाले म्हणत हे वैद्यक आहे, आणि वैद्यकवाले म्हणत ही आमची कोण? दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत.

तिचं सगळ्यात चांगलं काम होतं नवजात बाळांच्या पेट्यांचं. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या उबदार काचेच्या पेटीत ठेवतात, तिच्या पंख्याची थरथर थेट गादीपर्यंत पोचते. ती बाळं झोपेतून सारखी दचकतात, हे रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. थरथर येते कुठून, हे भिंगरीने शोधलं. आणि रबराच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरने, ज्याला या दोघी रबरवाला म्हणत, ती थरथर गिळून टाकणारे पाय पेटीला बनवून दिले. तिघांनी मिळून निबंध लिहिला. आता तिघं बाळांना नेणाऱ्या रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरच्या मागे लागली होती, कारण खड्ड्यांतून जाताना पेटीतलं बाळ किती हादरतं, ते बघवत नव्हतं. त्यासाठी लागणारं, रस्त्यासारखे हादरे देणारं थरथरतं टेबल भिंगरीच्या खोलीत फरशीखालच्या काँक्रीटमध्ये रुतवलेलं होतं. खोली गेली की टेबल गेलं, आणि टेबल गेलं की स्ट्रेचर गेलं. ते उचलून दुसरीकडे नेता येण्यासारखं नव्हतं.

विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त फार वर्षं त्याच वाटेने चाललेला. त्यांनी तिच्यासाठी तोडगा काढून ठेवला होता. पेट्यांचा निबंध खास बाब म्हणून धरता येईल. मात्र एकत्र लिहिलेल्या निबंधाचं श्रेय कुणाचं किती, ते टक्क्यांत लिहून सगळ्यांनी सही करायची, बेरीज शंभर, हा संस्थेचा रिवाज. नव्वद तू घे, म्हणाले, त्या दोघांना उरलेले दे, त्यांना कुठे आपले गुण हवेत? मग आवाज खाली आणून त्यांनी पुढचं सांगितलं. विभागातले काही जण एकमेकांच्या निबंधांचे संदर्भ देतात, गरज असो नसो. तूही त्यात ये. आणि तुझ्या पुढच्या निबंधावर शेवटी माझं नाव घाल, सगळेच घालतात.

घरी नवऱ्याचंही मत तेच पडलं. चार लोक करतात ते करून मोकळी हो, खोली राहिली तर काम राहील. तो काही चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच तिला त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी ती टक्क्यांचा कागद घेऊन रुग्णालयात गेली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, अमुक नियम आहे, तमुक अडचण आहे. डॉक्टरीणबाईंनी ती ऐकूनच घेतली नाहीत. भिंतीला कागद टेकवून कोऱ्या रकान्यांखाली सही केली आणि म्हणाल्या, "तू लिही काय ते. तुझी खोली वाचली पाहिजे. मला स्ट्रेचर हवंय." रबरवाल्यानेही हसत सही केली. वाद झाला असता तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं. भांडून घेतलेले नव्वद टक्के तिला सोपे गेले असते.

ती संस्थेच्या ग्रंथालयात येऊन बसली. कागद समोर, पेन हातात, आणि हात काही चालेना. ग्रंथपालबाई वरच्या फळीवरची पुस्तकं लावत तिवईवर उभ्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, जिभेला धार आणि डोळ्याला चष्मा. या बाईंना कुणाचा कुठला निबंध कुणी कशासाठी वापरला हे सगळं ठाऊक असे, आणि त्या ते कुणाला सांगत नसत. त्या खाली उतरल्या आणि कागद वाचून मोकळ्या झाल्या.

"किती लिहितेस?"

"नव्वद."

"मग त्या दोघांचे दहा काढून टाक, आणि तुझे नव्वद उभे राहतात का बघ." बाईंनी पायाने तिवई पुढे सरकवली. "हिचा कुठला पाय किती टक्के, सांग बरं."

भिंगरी म्हणाली की तिला हे कळतं, पण नियम तिने केलेला नाही. त्यावर बाई समोर बसल्या.

"संदर्भ मोजून क्रम लावायची ही पट्टी कुणाच्या सोयीची होती, माहितीये? आम्हा ग्रंथपालांच्या. पैसे थोडे आणि मासिकं ढीगभर, कुठली घ्यायची ते ठरवायला. मासिकं निवडायची पट्टी ती! तुम्ही तिने माणसं मापायला लागलात. आता मापात बसावं म्हणून स्वतःला कापताय आणि शेजाऱ्यालाही."

"आणि खोली गेली तर?"

"जाईल कदाचित. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण एक सांगते. ती डॉक्टर मोठ्या मनाची आहे, पुढच्या वर्षीही कोऱ्यावर सही देईल. आणि पुढच्या वर्षी तू पंच्याण्णव लिहिशील."

हे मात्र झोंबलं. भिंगरीने तिथूनच दोघांना फोन केला आणि काय लिहिणार आहे ते सांगितलं. डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला. मग तिने तिघांच्या नावांपुढे एकेक आकडा लिहिला, शंभर, शंभर, शंभर, आणि खाली आपली सही ठोकली.

गुणांवर शिक्का मारणाऱ्या समितीच्या बैठकीत तिचं नाव आलं तेव्हा संगणकावरचा माणूस चुळबुळ करायला लागला. यंत्र कागद घेत नव्हतं. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मॅडम, बेरीज तीनशे येतेय, असं समजुतीने सांगितलं. विभागप्रमुख लगेच मदतीला धावले. तिला नव्वद लिहायचे होते, घाईत गडबड झाली, आत्ता दुरुस्त करून देईल. त्यांनी तिच्याकडे पेनही सरकवलं. एक मान हलवली असती तर सगळं निभावलं असतं.

"गडबड झाली नाही, सर," भिंगरी म्हणाली. "चूक बेरीज करण्यात आहे. आमचं काम हा गुणाकार आहे. तिघांतलं कुणीही शून्य केलंत तर उत्तर शून्य येईल."

"तुमची खोली जाऊ शकते, याची कल्पना आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे. पण मी न वाचलेल्या निबंधाचा संदर्भ देणार नाही, आणि ज्याने काम केलं नाही त्याचं नाव घालणार नाही. विभाग एवढे आहेत, दुखणी मात्र विभाग बघून येत नाहीत. बाळ दचकलं तेव्हा ते वैद्यक होतं की पदार्थविज्ञान, हे मला आजही सांगता येत नाही. आमचा निबंध इथे कुणी वाचलाय का? वाचा. वाईट वाटला तर खोली घ्या, किल्ली मी स्वतः आणून देईन. नुसत्या आकड्यावर मात्र देणार नाही. कुलूप तोडावं लागेल!"

कुणीच वाचला नव्हता. अध्यक्षांनी कागद परत केला, निर्णय पुढे ढकलला, आणि मनातून ते चांगलेच चिडलेले होते.

पण अशी गोष्ट भिंतीआड राहते थोडीच? ज्यांचे कागद अजून जायचे होते, त्यांच्यातल्या मातीवाल्यांनी आपल्या कीटकवाल्या जोडीदारांसह शंभर-शंभर लिहिले. मग काचवाल्यांनी लिहिले. वर्षानुवर्षं टक्क्यांवरून एकमेकांशी अबोला धरलेली माणसंही कागदावर सही करायला एका टेबलाशी आली. यंत्र एकेक कागद परत फेकत राहिलं आणि शेवटी निम्म्या संस्थेला आकडाच उरला नाही. आता करायचं काय, असं समितीने ग्रंथालयात येऊन विचारलं. ग्रंथपालबाईंनी निबंधांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दिवा लावून दिला.

अध्यक्षांनी पेट्यांचा निबंध शब्दकोश जवळ घेऊन वाचला. मग न सांगता रुग्णालयात गेले. जुन्या पेटीवर हात ठेवला तर तळव्याला थरथर जाणवली. नव्या पायांच्या पेटीवर ठेवला तर काहीच नाही. त्यांनी काही विचारायला तोंड उघडलं, तशी नर्स म्हणाली, "हळू बोला, झोपलंय ते." अध्यक्ष हळू बोलले. बाहेर आल्यावरही बराच वेळ ते हळूच बोलत होते.

खोली राहिली. बढती मिळाली नाही, कारण नियम एका फटक्यात बदलत नाहीत आणि चिडलेली माणसंही सगळीच निवळत नाहीत. पण टक्क्यांचा रकाना गेला, आणि प्रत्येकाचा एक तरी निबंध समितीने पूर्ण वाचायचा, असं ठरलं.

आणि एका दुपारी विभागप्रमुख तिच्या दारात आले. हातात एका विद्यार्थिनीचा निबंध होता, शेवटी त्यांचं नाव होतं, त्यावर शाईची जाड रेघ होती. दाराशीच उभं राहून ते म्हणाले, "या वेळी पहिल्यांदा वाचून बघितलं. चांगलं लिहिलंय पोरीने. यात माझं काहीच नाही." मग त्यांनी विचारलं, "ते स्ट्रेचर कसं हलतं, दाखवतेस?" भिंगरीने टेबलाचं बटण दाबलं.

मंडळी, मोजू नये असं कुणी म्हणत नाही. पण मोजणं सोपं आणि वाचणं कष्टाचं, म्हणून आपण कष्ट टाळतो आणि त्याला शिस्त म्हणतो. ही खोड संशोधकांपुरती नाही. मुलाचे गुण बघून वही न उघडणारे आईबाप आपणच, हजेरी बघून काम न बघणारे साहेब आपणच. ज्याच्या कामाचा न्याय करायचा, त्याचं काम आधी बघा. आणि चुकीची मोजपट्टी कुणी हातात दिली, तर तिच्यात बसायला वाकू नका. पट्टी परत करा.

पुढच्या वर्षी स्ट्रेचरचा निबंध झाला. रुग्णवाहिका चालवणाऱ्याने कुठल्या वेगाला हादरे सोसतात ते सगळ्यांना शिकवलं होतं, म्हणून लेखकांत चौथं नाव त्याचं होतं. रकाना आता उरला नव्हता, तरी भिंगरीने आवर्जून चौघांपुढे शंभर लिहिलंच. अध्यक्षांनी निबंध शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि बेरीज न करता सही केली.