बंद खिडकीची चकाकी

दोन पॅनेलं अंगणात उन्हात शेजारी शेजारी ठेवली होती. डावं निळं होतं. उजवंही दुरून निळंच वाटलं असतं, पण त्यात हिरव्याची झाक होती. मोरचुदाच्या द्रावणात पिवळ्याचा एखादा थेंब पडावा, तेवढीच. मी ते सावलीत नेऊन पाहिलं, पुन्हा उन्हात आणलं. झाक गेली नाही.

दोन्ही पॅनेलं लल्ला शरीफाच्या मोपेडच्या दोन बाजूंची. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने लल्ला म्हणतात. त्या मोपेडवरून फिरून तिने आमच्या स्फाक्स शहरातल्या कितीतरी घरांत बाळंतपणं केली. आता काम सोडलं तरी मासळीबाजारात ती तिच्यावरूनच जायची. डावं पॅनेल गेल्या वर्षीचं. उजवं बाजारात एका हातगाडीने फोडलं, म्हणून नवं केलेलं. जुन्या फ्रेंच गाड्यांचे भाग मिळत नाहीत, त्यामुळे मूळ भागावरून साचा काढून फायबरमध्ये तसाच भाग बनवणारे शहरात बरेच आहेत. मोटरसायकलवाल्यांना मात्र आरशासारखा गुळगुळीत भाग हवा असला, की ते आमच्या घरी येत. माझ्या नवऱ्याकडे, झुबैरकडे.

लल्ला शरीफाने गाडी दारात लावली आणि कमरेवर हात ठेवून पॅनेलांकडे पाहिलं.

"हे काय रे? एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा? सर्कशीत पाठवतोस का मला?"

"दोन्ही निळीच आहेत, लल्ला."

"निळं तू मला शिकवणार? गळ्याला नाळ गुंडाळून आलास तेव्हा तू निळा होतास. तुझी आई रडायला लागली होती. मी पाय धरून उलटा केला, दोन चापट्या दिल्या, तेव्हा कुठे तुझा आवाज फुटला. निळं मी ओळखते. हे हिरवं आहे."

झुबैर हसला. "ऊन तिरपं आहे म्हणून तसं दिसतं. रफीका, तू सांग गं. शाळेत पोरांना रसायनं शिकवतेस ना?"

"हिरवट आहे," मी म्हणाले.

तो हसायचा थांबला.

"दुसरं कर," लल्ला म्हणाली. "घाई नाही मला. गुरुवारी येते."

फायबरच्या कामात रंग आधी लागतो. साच्याला मेण चोळायचं, त्यावर रंग मिसळलेल्या राळेचा पहिला थर द्यायचा, मग काचतंतूंची चादर आणि पुन्हा राळ. साचा सोडवला की पहिला थर वर येतो. साच्याच्या मेणावर किंवा त्या ओल्या थरात धुळीचा कण बसला, तर तो कायमचा. आणि आमच्याकडे दक्षिणेचा वारा सुटला की धूळ उशीच्या अभ्र्यातसुद्धा शिरते. म्हणून झुबैर मागच्या खोलीची खिडकी लावून घ्यायचा, दाराच्या फटीला ओलं फडकं लावायचा. पंखा नाही. वाफ गाळणारा मुखवटा खिळ्याला टांगलेला. तो घातला की राळेचा वास येत नाही, आणि वासावरूनच त्याला कळायचं की राळ आता आळणार. त्याच्या कामाची चकाकी त्या बंद खिडकीतून आलेली होती.

काम बाहेर ने, नाहीतर सोड, हे मी बऱ्याच दिवसांपासून म्हणत होते. तो म्हणायचा, "उन्हाळा जाऊ दे." मग म्हणायचा, "ईद होऊ दे."

लल्ला गेल्यावर मी भरतकामाचे दोरे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतले. खिडकीतून भरपूर उजेड येत होता.

"हे लाव ना जरा. निळे एका बाजूला, हिरवे दुसऱ्या, पिवळे वेगळे."

"आता दोरे? दुपारचं जेवण नाही का आज?"

"कुसकुस वाफेवर आहे. तोवर कर."

त्याने तांबडे नि तपकिरी भराभर, अगदी अचूक वेगळे केले. त्याचा हात चपळ होता, त्याला शंका नव्हती. मग निळ्यांच्या ढिगात त्याने तीन हिरवे ठेवले. फिका पिवळा पांढऱ्यांत गेला. पुदिन्याच्या रंगाची एक लड त्याने बराच वेळ हातात धरली, आणि निळ्यांवरच ठेवली.

"झालं," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "नाही झालं?"

मी चुकलेल्या लडी उचलून ज्याच्या त्याच्या जागी ठेवल्या. तो पाहत राहिला. लडी हलल्या तरी ढीग त्याला पूर्वीसारखेच दिसत असावेत.

"राळेतून जी वाफ उडते तिच्याने होतं हे," मी म्हणाले. "वर्षानुवर्षं श्वासात गेली की आधी निळा आणि पिवळा जातो. बाकी दिसतं सगळं नीट. म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही."

"परत येतो?"

"वाफ थांबली तर कदाचित. नाही थांबली तर आणखी जाईल."

त्याने लडी एकीकडे सारल्या. "मग रंग तू कालवत जा. बाकीचं मी करतो."

"म्हणजे तू वाफ घेत राहायचं आणि मी रंग सांगत राहायचं. तुझ्यासाठी टोमॅटोसुद्धा मीच निवडायचे?"

"टोमॅटो तांबडा असतो," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला न विचारता खिडकी उघडली. मुखवटा घातला. रंग मी कालवला. वारा होताच. थर वाळायच्या आत त्याने दोनदा मुखवटा वर केला, वास घेतला, माझ्याकडे पाहून पुन्हा खाली ओढला. साच्यातून पॅनेल निघालं, तेव्हा त्याने डोळ्यांनी पाहिलंच नाही. तळवा फिरवला फक्त.

गुरुवारी लल्ला शरीफा आली.

"रंग बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनेही बोट फिरवलं. "पण हे काय? तळायच्या मासळीला रवा लावतात तसं लागतंय हाताला!"

"खिडकी उघडी होती."

"मग बंद करून कर. गेल्या वर्षी किती सुंदर केलं होतंस! रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, कुणी बनवलं म्हणून. मी म्हणायची, माझ्या हातचा पोरगा आहे. एवढं एक करून दे, पोरा. मी काही पुन्हा पुन्हा मागायला येणार नाही."

झुबैरने मागच्या खोलीकडे पाहिलं. एकच पॅनेल. एक सकाळ. मला वाटलं, तो आत जाणार. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि आणखी काही म्हटलं असतं, तर तेही त्याच्या 'उन्हाळा जाऊ दे', 'ईद होऊ दे'मध्ये जाऊन बसलं असतं.

त्याने पॅनेल लल्लाच्या हातातून घेतलं.

"नाही, लल्ला," तो म्हणाला. "तुझा साचा मी बंदरावर फायबरचंच काम करणाऱ्या फरहातकडे देतो. त्याची शेड उघडी आहे, वाफ साठत नाही, तो करेल. माझ्याइतकं गुळगुळीत नाही होणार, पण होईल."

"आणि तू?"

"माझी नजर जातेय. राळेचं काम मी बंद केलं."