चौथा शिवेवर उतरवायचा

तिघांनी मिळून कुठं निघू नये, हे आशाबाईंचं ठाम मत. दोघं जा, चौघं जा, अख्खी वरात घेऊन जा, पण तिघं नको. आणि इलाजच नसला तर चौथा म्हणून एक दगड सोबत घ्यायचा. फुलंब्रीतली निम्मी म्हातारी माणसं हे आजही पाळतात. उरलेली निम्मी 'आपण नाय बुवा मानत' म्हणतात आणि गुपचूप खिशात खडा टाकतात.

मे महिन्यातल्या त्या पहाटे दारात गाडी उभी होती आणि सामान असं भरलं होतं की तीन दिवस समुद्राला चाललेत की गाव सोडून चाललेत ते कळू नये. धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे दोन जार. पाणी बघायला चाललेली माणसं घरून पाणी घेऊन निघतात, आमच्याकडची ही खोड काही जायची नाही. सुरेखा हे सगळं मांडीवर-पायाशी रचत होती आणि तिचा नवरा सुदर्शन टपावरच्या बॅगेला दोरी आवळत होता.

"दगड घेतला का रं?" आशाबाईंनी उंबऱ्यातून विचारलं.

"घेतो की, आई. जरा दम."

तो दम धरायला लावतो तोवर त्यांची आठ वर्षांची प्रेरणा पळत गेली. शहागंजातून आणलेला नवाकोरा पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, पायात चप्पल नाही. पाण्याच्या हौदाजवळचा एक काळा गुळगुळीत दगड दोन्ही हातांनी उचलून तिनं पोटाशी धरला.

आशाबाईंचा चेहरा उतरला. "पोरीनं उचलला व्हय? बरं, असू दे. आता नीट ऐका. ज्यानं उचलला त्यानंच उतरवायचा. त्याला नाव द्यायचं नाय, ताट मांडायचं नाय. येताना गावच्या शिवेवर मारुतीपाशी ठेवायचा. ठेवताना बोलायचं नाय आणि बाकीच्यांनी मागं बघायचं नाय. तिघं जाताय, तिघंच घरात या."

सुरेखाच्या तोंडावर आलं होतं, आत्याबाई, पुरे करा आता. पण ती बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, अर्ध्या रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात ती, सुदर्शन आणि आशाबाई असे तिघंच गेले होते. घाईत दगड कुणाला आठवतोय! मुलगा झाला, वेळेआधी झाला, काचेच्या पेटीत दहा दिवस राहिला आणि अकराव्या दिवशी गेला. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं. सासूनं त्यावरून कधी एक अक्षर काढलं नाही. न काढलेलं ते अक्षर दोन वर्षं सुरेखाच्या घशात अडकून होतं.

"बसले का सगळे?" सुदर्शननं गाडी चालू करत विचारलं.

"बसले," सुरेखा म्हणाली.

ही त्याची सवय. चहाला थांबा, पेट्रोलला थांबा, निघताना मागं न बघता विचारणार, बसले का सगळे? आणि सुरेखा म्हणाली बसले, की गाडी हलणार. देवावर नसेल तेवढा त्याचा तिच्या 'बसले'वर भरवसा होता.

अहिल्यानगर गेलं, पुणं गेलं. प्रेरणा आईच्या मागच्या सीटवर आणि दगड वडिलांच्या मागच्या. ती दगडाशी गप्पा मारत होती, खिडकीतून त्याला म्हशी दाखवत होती. ताम्हिणीच्या घाटात वळणं सुरू झाली आणि गाडीत घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग.

"प्रेरणा, पट्टा लाव."

"लावलाय पप्पा."

सुदर्शननं समोर बघितलं. वेगाच्या काट्यांशेजारी गाडीतल्या जागांची छोटी छोटी चित्रं असतात. पट्टा न लावता कुणी बसलं की तिथलं चित्र लाल होतं. प्रेरणाचं चित्र लाल नव्हतं. तिच्या शेजारचं होतं.

"दगडानं झालं असंल," सुरेखा म्हणाली.

"छट्! दोन किलोच्या दगडाला कोण विचारतंय." सुदर्शन शेंद्र्याच्या कारखान्यात ह्याच सीटांच्या वायरी जोडायचा, त्याला सगळं तोंडपाठ. "दहा-बारा किलो पडल्याशिवाय ही वाजतच नाय. किमान दीड-दोन वर्षांचं पोर पाहिजे."

बोलून गेला आणि मग घाईनं गिअर बदलला. सुरेखा खिडकीबाहेर बघत राहिली. दोन वर्षं. ह्याच महिन्यात दोन पूर्ण झाली असती.

प्रेरणानं हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि दगडावरून लावून टाकला. घंटी थांबली.

समुद्राकाठचं घर म्हणजे सुपारीच्या वाडीतल्या दोन खोल्या. घरमालकीण मावशी बोलायला गोड. संध्याकाळी ताटं मांडली ती चार. सुरेखाला वाटलं, मावशी स्वतः बसणार असतील आपल्यासोबत. तर मावशी भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "छोट्यासाठी भात मऊ केलाय हो. माशाला काटे असतात, त्याला वरणच देते."

"कोण छोटा?" सुदर्शननं विचारलं.

"अहो, तुमचा! गाडीतून उतरला तेव्हा बघितला की मी. ताईचा हात धरून होता." मावशींनी ओसरीकडं बघितलं, मग ह्या तिघांच्या तोंडांकडं, आणि चौथं ताट उचलून आत घेऊन गेल्या. प्रेरणा शांतपणे भात कालवत होती.

"माऊली झोपलाय," ती म्हणाली. "उठल्यावर जेवंल."

सुरेखाचा घास हातातच राहिला. माऊली हे नाव तिनं काचेच्या पेटीपुढं उभं राहून मनात ठरवलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला सांगितलं नव्हतं, आईला माहेरी फोनवरसुद्धा सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी पाळण्यात घालताना सगळ्यांना सांगू म्हणून जपून ठेवलं होतं.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?" तिनं दंडाला धरून प्रेरणाला विचारलं.

"त्यानंच. मम्मी, दुखतंय!"

त्या रात्री सुदर्शन म्हणाला, सकाळी हा दगड समुद्रात टाकतो, झंझटच नको. सुरेखा एकदम उसळली. "खबरदार! आत्याबाईंनी काय सांगितलंय? गावच्या शिवेवरच उतरवायचा." सासूचा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या तावातावानं धरला होता.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेले. बाप-लेक लाटांत धावत होते आणि सुरेखा वाळूत दगड मांडीवर घेऊन बसली होती. भीती वाटत होती का? वाटत होती ना, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते भीतीपेक्षा जड होतं. दगड उन्हात असूनही गार होता, आणि हळूहळू तिच्या मांडीवर ऊबदार झाला. झोपलेलं मूल होतं तसा. ती हलकेच मांडी हलवायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि उतरलं कुठं तर मांडीवर.

दुपारी तिनं मावशींकडून वाटीभर दूधभात मागून घेतला. मावशींनी दिला, पण देताना म्हणाल्या, "बाई, देऊ नका हो त्याला. एकदा दिलंत की तो मागत राहील."

सुरेखानं दिला. खोलीचं दार लावून घेतलं, वाटी दगडापुढं ठेवली आणि तोंड भिंतीकडं करून बसली. वळून बघितलं तेव्हा वाटी चाटूनपुसून लख्ख झाली होती.

"मम्मी, आज माझ्या वेण्या घातल्याच नाहीस," प्रेरणा दारापलीकडून म्हणत होती. "मम्मी, दार उघड ना. मला पण भूक लागलीय."

"थांब गं जरा! सारखी काय मम्मी मम्मी!" सुरेखा खेकसली. आपणच खेकसलो हे तिला पटेना. पोरगी बाहेर पायरीवर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच परत निघाले. प्रेरणाचे केस मोकळेच होते. गाडीत ती बोलत नव्हती, खिडकीला डोकं टेकून होती. सुदर्शननं आरशातून दोनदा बघितलं. "उन्हानं मलूल झाली पोरगी." शेजारच्या सीटला पट्टा लावलेला होता. घाटात, पुण्यात, अहिल्यानगरच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडं तो विचारत होता, बसले का सगळे? आणि सुरेखा म्हणत होती, बसले. म्हणताना तिच्या मनात चार यायचे. ती मुद्दाम नव्हती मोजत. आपोआप यायचे.

फुलंब्रीच्या शिवेवर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. मारुती डाव्या हाताला, रस्त्यापासून वीसेक पावलांवर, कडुलिंबाखाली. सुदर्शननं गाडी देवळाच्या थोडी पुढं नेऊन थांबवली, म्हणजे मागं बघायचा मोहच नको.

"मी ठेवते ना," सुरेखा म्हणाली. तिला अजून एकदा तो हातात पाहिजे होता.

"ज्यानं उचलला त्यानं, आई म्हणाली होती. जा प्रेरणा. ठेव आणि ये पळत."

सुरेखा खाली उतरली. प्रेरणाच्या हातात दगड देताना तिचेच हात सुटेनात, पोरीनं तो ओढूनच घेतला. "बोलायचं नाही बरं," सुरेखा म्हणाली. "काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. घर येईपर्यंत." प्रेरणानं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सुरेखाला ते दिसलं, आणि तरी तिनं ते पुसलं नाही. ती पुढं बसली आणि दार लावून घेतलं.

दोघं समोर बघत होते. अनवाणी पावलं पाचोळ्यात वाजत गेली. थांबली. मग परत आली, भरभर, पळत. मागचं दार उघडलं, सीट करकरली, दार लागलं.

टिंग, टिंग, टिंग.

"पट्टा लाव गं पोरी," सुदर्शन म्हणाला.

सुरेखानं काट्यांकडं बघितलं. लाल झालेलं चित्र तिच्या मागच्या जागेचं नव्हतं. सुदर्शनच्या मागच्या जागेचं होतं. म्हणजे तिच्या मागची जागा रिकामी होती.

मागं बघायचं नव्हतं. ती बघणारही नव्हती. पण तिच्या बाजूला बाहेरचा आरसा होता आणि आरशात लिंब होता, मारुती होता, आणि मारुतीपुढं पिवळा फ्रॉक उभा होता. केस मोकळे. दगड पायाशी ठेवलेला. प्रेरणा गाडीकडं बघत होती, पळू बघत होती, पण तिचे पाय जमिनीतून उचलत नव्हते. दोन्ही हातांनी तिनं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, कारण काही झालं तरी शब्द काढायचा नाही असं तिला आईनं बजावलं होतं.

एवढंच म्हणायचं होतं, थांबा. एक शब्द. तो ओठांपर्यंत आला.

मागं पट्टा खट्कन लागला. घंटी थांबली. आणि तिच्या मानेजवळ, अगदी जवळ, कुणीतरी ऊबदार श्वास सोडत म्हणालं, "आई."

प्रेरणा तिला मम्मी म्हणायची. आई असं तिला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. जो म्हणणार होता त्याला अकरा दिवसांत बोलायला कुठून येणार?

"आई," परत आलं. शब्द नवा नवा, जपून उच्चारलेला.

आरशात पिवळा ठिपका हात हलवायला लागला होता. सुदर्शननं गिअर टाकला. सवयीप्रमाणे, मागं न बघता, त्यानं विचारलं, "बसले का सगळे?"

सुरेखाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं आरशावरची नजर काढून मांडीवर आणली.

"बसले," ती म्हणाली.