घरच्या मुलीचा शेला

मंडणगडच्या अलीकडच्या वाडीत, यमुनाबाईंच्या पडवीत सकाळपासून माग वाजत होता. मागावर थोरली सून राही होती. अंगणात गिऱ्हाइकाची गाडी आली की ती उठून आत जायची आणि धाकटी जाऊ निशिगंधा हिरव्या बांगड्या सावरत तिच्या जागी बसायची. विधवेच्या हातचा लग्नाचा शेला कुणी घेत नाही. राहीचा नवरा गेल्यापासून घरात हे असंच चालत आलं होतं.

आजचा शेला मात्र विकायचा नव्हता. निशिगंधाच्या लेकीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं होतं. ही समीक्षा तान्ही असताना राहीनंच तिला मागाशेजारच्या झोळीत निजवलं होतं, एक पाय मागाच्या पट्टीवर आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी.

यमुनाबाई आल्या त्या कात्री घेऊनच.

“उठ गो. हा आपल्या समीचा म्हणतात. खरा?”

“व्हय, आई. अर्धा झालाय.”

“परक्यांच्या पोरींना चालता. घरच्या पोरीला तुझा हात नको.”

“मी रत्नागिरीहून तयार आणलाय, जाऊबाय,” निशिगंधा दारातूनच म्हणाली. “मनाला लावून घेऊ नको.”

कात्री ताण्यातून फिरली. रेशमाचे तुटके धागे राहीच्या मांडीवर पडले.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. खेडच्या एक बाई धाकट्या मुलीसाठी सांगितलेला शेला न्यायला आल्या होत्या. निशिगंधा सवयीनं पुढे झाली. राही जागची हलली नाही.

“काय सुरेख काम गो तुझं,” बाई शेला हातात घेऊन निशिगंधाला म्हणाल्या. “आमच्या थोरलीचा शेलाही तुझ्याच हातचा.”

“दोन्ही मी विणलेत,” राही म्हणाली. “माझा नवरा वारलाय.”

“डोकं फिरलंय हिचं,” यमुनाबाई हसल्या. बाई हसल्या नाहीत.

“थोरलीचा संसार बरा चाललाय ना?” राहीनं विचारलं.

“चाललाय की. दोन मुलं आहेत.” एवढं बोलून बाईंनी शेला बोटांच्या टोकांनी बाकावर ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितलं.

गाडी गेली. “झालं समाधान?” यमुनाबाई फणकारल्या. “आता कोण घेणार या घरचं?”

“ज्याला माझं नाव चालेल तो. गाडी आली तरी मी आता उठायची नाय.”

ती तुटक्या धाग्यांना गाठी मारू लागली.

आपल्याही कपाटात एखादा शेला जपून ठेवलेला असेल. तो कुणी विणला, हे कळलं असतं, तर आपण हात धुवायला पाणी मागितलं असतं का?