समोरून ऐकलेला बँड

ड्रायव्हरकाकांनी बस चालवणं सोडून बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शहराच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत. वसंतोत्सव आला, नदीकाठच्या बागेत बँड वाजला आणि त्यात काका नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

यंदा मात्र कवळीनं घात केला. क्लॅरिनेट तोंडात धरलं की वरची कवळी खाली यायची आणि सुराऐवजी नुसतं फुस्स व्हायचं. बँड चालवणाऱ्या, औषधांच्या दुकानातल्या बाई भल्या मनानं म्हणाल्या, "काका, ढोल घ्या ना. त्याला दात लागत नाहीत."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी बागेत पाऊलही टाकणार नाही," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

"नका टाकू," काकू चपला घालत म्हणाल्या. "मी निघाले. उशीर झाला तर माझी जागा जाईल."

"तुझी जागा? कुठली जागा?"

इतक्या वर्षांत आपण हे कधी विचारलंच नाही, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं. तोवर काकू जिना उतरल्याही होत्या. काका मागोमाग निघाले.

काकू पुढच्या खुर्च्या टाळून थेट झोपाळ्यांपलीकडच्या उतारावर गेल्या. तिथं वाचनालयाच्या भिंतीमुळे आवाज विरून न जाता घुमून स्पष्ट यायचा. त्यांनी चादर अंथरली आणि संत्रं सोलायला घेतलं.

बँड सुरू झाला. तिसरं गाणं आलं तसं काकांनी तोंड वाकडं केलं. यात क्लॅरिनेटला दोनच सूर, तेही पुन्हा पुन्हा. दरवर्षी ते वैतागून वाजवत. आज त्यांच्या जागी त्यांचा न्हावी बसला होता. पण इथून ते दोन सूर ट्रम्पेटच्या आवाजाखालून आले आणि सगळं गाणं पाळण्यासारखं झुलायला लागलं. काकांच्या हातातली फोड हातातच राहिली.

"हे मी वाजवायचो?"

"मग मी काय संत्री खायला येत होते? तुम्ही चुकलात तरी इथं बरोबर कळायचं."

"मी? कधी चुकलो?"

"दरवर्षी. शेवटून दुसऱ्या गाण्यात."

काका इतके हसले की कवळी सांभाळायला तोंडावर हात धरावा लागला.

मग नाचाचं गाणं लागलं. लोक गवतावर उतरले. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "उठा. आमचा माणूस कायम वर मंचावर बसलेला. मी नाचू कोणाशी?"

काका उठले. पाय कुठेच्या कुठे पडत होते, दोनदा काकूंच्या अंगठ्यावरही पडले. काकू ओरडल्या, पण हात सोडला नाही.

कार्यक्रम संपल्यावर दुकानवाल्या बाई लगबगीनं आल्या. "काका, रागावलात का हो?"

"रागावलो होतो. आता नाही," काका धापा टाकत म्हणाले. "ढोलाचं पुढच्या वर्षी बघू. उद्या कोण वाजवतंय?"

"उद्या पलीकडच्या शहराचा बँड."

काका काकूंकडे वळले. "मग जेवणं लवकर उरकून घेऊ. तो उतार कोणी बळकावायला नको."